रेडिएशन चालू असताना वजन उतरतंय, तुम्ही काय खाऊ घातलंत? (नळी, साखर, दूध आणि नातेवाईक)

मृद्गंध_सांगली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली. बाबांना (वय ६१) गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालू आहे आणि सोबत आठवड्याला एक सिस्प्लॅटिन (केमोचं औषध). आम्ही सांगलीकडचे, ट्रीटमेंट मुंबईत, मुक्काम डोंबिवलीला आत्याकडे. ऑपरेशनच्या आधी ६४ किलो होते, काल ५७ भरले. निम्मी सिटिंग्ज अजून बाकी आहेत.

तोंड आतून सगळं सोललंय, लाळ चिकट तारेसारखी येते, आणि चव म्हणाल तर "सगळं मातीसारखं लागतं" म्हणतात. कोल्हापुरी जेवणारा माणूस, आता वरणाला जिऱ्याची फोडणी दिली तरी डोळ्यात पाणी. कालच्या ओपीडीत डॉक्टर म्हणाले वजन असंच उतरलं तर नाकातून नळी घालू. बाबा ऐकायलाच तयार नाहीत, नळी म्हणजे संपलं असं त्यांच्या डोक्यात बसलंय. त्यात आत्याने व्हॉट्सअॅपवर वाचून साखर आणि दूध बंद केलंय, "साखरेने गाठ वाढते", म्हणून दिवसभर भाज्यांचे ज्यूस, शहाळं आणि डाळीचं पाणी. घर तिचं, राबतेयही तीच, तिला बोलू कसं. ज्यांनी यातून माणूस बाहेर काढलाय त्यांनी प्लीज लिहा, काय दिलंत, कसं दिलंत.

खिमटवाली

मृद्गंध, आधी नळीचं लिहिते कारण आमच्याकडे पण हाच तमाशा झाला होता. आईला जिभेचा होता. नळी नको म्हणून हट्ट, आम्ही पण तिच्याच बाजूने, शेवटी डिहायड्रेशन होऊन अॅडमिट करावं लागलं तेव्हा घातली. आणि घातल्यावर तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली की गिळायची भीती गेली, आता झोप लागते. रेडिएशन संपून तोंड भरून आल्यावर नळी निघाली, आज ती पुरणपोळी खाते (दुधात कुस्करून, पण खाते).

नळीतून द्यायचं तंत्र मात्र नीट शिकून घ्या, सिस्टरला सांगा मला समोर करून दाखवा. आमच्या घरची पद्धत सांगते. आई पलंगावर पाठीला उश्या लावून बसलेली, झोपवून कधीही नाही. नळीवर नाकाशी जिथे खूण केलेली असते ती आधी बघायची, खूण बाहेर सरकलेली दिसली तर काहीही द्यायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. मग मोठी सिरिंज, तिचा दट्ट्या काढून नुसता पोकळ भाग नळीला जोडायचा, आणि वरून ओतायचं, आपोआप उतरू द्यायचं. दट्ट्याने ढकलायची घाई करायची नाही. एका वेळी २०० मिलीच्या आसपास, दर दोन तासांनी. आधी थोडं साधं पाणी, नंतर परत पाणी, म्हणजे नळी स्वच्छ राहते. त्यानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवायचं. देताना खोकला आला, धाप लागली की थांबायचं. औषधाच्या गोळ्या वेगळ्या कुटून पाण्यातून द्यायच्या, खिरीत मिसळायच्या नाहीत. आणि कुठली गोळी कुटायची नसते तेही विचारून ठेवा.

गाळणं हा मुख्य मुद्दा. मिक्सरमधून कितीही फिरवलं तरी चहाची गाळणी पुरत नाही, मी पीठ चाळायची बारीक चाळणी वापरायचे, कधी मलमलचं फडकं. एकदा नळी चोंदली की कोमट पाण्याने सुटते का बघायचं, तार वगैरे घालायची नाही.

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे, कॅन्सरच्या वॉर्डात काही वर्षं काम केलंय. इथे लिहितेय ते सर्वसाधारण, तुमच्या बाबांचे क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), शुगर वगैरे बघून त्यांच्या हॉस्पिटलची डाएटिशियन जे सांगेल ते वरचढ.

६४ चे ५७ म्हणजे ११ टक्के गेले. काही महिन्यांत ५ टक्के गेले तरी आम्ही कान टवकारतो, त्यामुळे डॉक्टर नळीचं म्हणाले त्यात घाबरवणं काही नाही, वेळेत सांगितलंय. आणि हे जे वजन जातं ते पोटावरची चरबी जात नाही हो, मांड्या-दंडाचा स्नायू जातो. घरात "बारीक झाले, बरंच झालं, बीपी सुधारेल" असं कोणी म्हणालं तर त्यांना गप्प करा.

वजनाचा थेट ट्रीटमेंटशी संबंध कसा ते बाबांना समजावून सांगा. रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून टेबलाला फिट करतात ना, तो त्यांच्या चेहऱ्याच्या मापाने बनवलेला असतो. माणूस वाळला की मास्क सैल होतो, डोकं आत हलायला लागतं, मग परत स्कॅन, परत प्लॅनिंग, त्यात मधले दिवस वाया जाऊ शकतात. आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनला खंड पडणं चांगलं नाही. केमोचा डोसही उंची-वजनावरून काढतात. हे ऐकल्यावर बरेच पेशंट नळीला तयार होतात असा माझा अनुभव, "ताकद येईल" वगैरे मोघम सांगून होत नाहीत.

आता हिशोब. या काळात ढोबळमानाने किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरतात. ५७ किलोला म्हणजे वरच्या टोकाला १७०० कॅलरी आणि ७० ते ८५ ग्रॅम प्रोटीन. शहाळं, भाज्यांचा ज्यूस आणि डाळीचं पाणी दिवसभर पाजलंत तरी यातला पाव हिस्सा भरणार नाही! डाळीचं पाणी नको, डाळ. वाटून, घुसळून, तूप घालून, पण डाळ. अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन असतं, पेलाभर दुधात ६-७, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. दुधातच दोन चमचे दूध पावडर विरघळवली की तेवढ्याच घोटात जास्त जातं. प्रत्येक वाटीत चमचाभर साजूक तूप, ४५ कॅलरी न चावता पोटात.

आत्याबाईंनी साखर-दूध बंद केलंय ते आधी चालू करा. जुलाब होत असतील तरच दुधाचा विचार वेगळा.

निसर्गाकडे_चला

सगळं वाचलं, पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात हे नोबेल मिळालेल्या वॉरबर्गने सिद्ध केलंय. पेट स्कॅनमध्ये पण साखरच टोचतात आणि गाठ लगेच चमकते, अजून काय पुरावा पाहिजे? साखर बंद, गहू बंद, दूध बंद, सकाळी गव्हांकुराचा रस, लिंबूपाणी (शरीर अल्कलाइन होतं), गुळवेल काढा दोन वेळा. माझ्या ओळखीत लक्ष्मणफळाच्या पानांनी एकाची गाठ विरघळली आहे. तुम्ही दूध पावडर खाऊ घाला.

नाशिक_ओल्ड_मंक

आले आले! मी पॉपकॉर्न घेऊन बसतो. (मला स्वतःला मोठ्या आतड्याचा होता, केमो पूर्ण केली, त्यामुळे बसायचा हक्क आहे.)

पथ्यपाणी

@निसर्गाकडे_चला, वॉरबर्गचं निरीक्षण १९२० च्या दशकातलं, आणि १९३१ चं नोबेल त्याला पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या कामासाठी मिळालं, साखर सोडल्याने कॅन्सर बरा होतो यासाठी नाही. पेट स्कॅनमध्ये ग्लुकोज गाठीत चमकतं हे खरंच आहे. पण मेंदूही चमकतो, कारण मेंदूही ग्लुकोजवरच चालतो. तुम्ही खाणं बंद केलं तरी रक्तातली साखर शून्य होत नाही, लिव्हर स्नायू मोडून ती तयार करतं. म्हणजे उपाशी राहून गाठ राहते ती राहतेच, माणूस तेवढा वाळतो. अल्कलाइनचं म्हणाल तर रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि किडन्या धरून ठेवतात, लिंबाने हलत नाही, आणि सोललेल्या तोंडात लिंबू पिळणं हा नुसता छळ आहे.

गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेल्या पेशंट्सच्या केसेस प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तो वाद चालू द्या. पण केमो चालू असताना लिव्हर-किडनी आधीच राबतायत, त्यात कुठलाही काढा डॉक्टरांना न सांगता नको, एवढं तरी मान्य कराल? जेवणातली हळद चालेल, हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत.

निसर्गाकडे_चला

तुम्हाला फार्मा कंपन्या पगार देतात. असो. ज्याचं त्याचं नशीब. माझ्याकडून पूर्णविराम.

नाशिक_ओल्ड_मंक

पूर्णविरामाबद्दल धन्यवाद. माझे दोन पैसे. मला केमोत ऑक्सालिप्लॅटिन नावाचं औषध होतं, त्यात थंडाचं वावडं. म्हणजे फ्रीजमधलं पाणी प्यायलं की घशात सुया टोचल्यासारखं आणि क्षणभर श्वास अडकल्याचा भास, फ्रीजचं दार उघडून दुधाची पिशवी काढली तरी बोटं झिणझिणायची. आणि बहीण प्रेमाने थंडगार सोलकढी घेऊन उभी, कारण तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं होतं केमोत थंड बरं वाटतं! त्या बाईंची केमो वेगळी असणार. तर मुद्दा असा की "केमोत हे खावं" अशी एक लिस्ट नसतेच, तुमच्या पिशवीत कुठलं औषध आहे त्यावर आहे. पिशवीवरचं नाव लिहून घ्या आणि त्या औषधाला काय चालत नाही ते विचारा. उगाच पपनस, ग्रेपफ्रूट ज्यूस पण काही गोळ्यांशी भांडतो, मला माहीत नव्हतं.

अवांतर: भूक मरणं हा प्रकार पण औषधाने थोडा सुधारतो. आमच्या डॉक्टरांनी ओलान्झापिनची अगदी छोटी गोळी रात्री दिली होती. उलटीपण कमी आणि झोपपण.

पथ्यपाणी

हो, त्यावर आपल्याकडेच, पुद्दुचेरीच्या जिपमर हॉस्पिटलमध्ये चांगला अभ्यास झालाय, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १२४ पेशंट, केमोसोबत रोज २.५ मिग्रॅ ओलान्झापिन, १२ आठवडे. गोळी घेणाऱ्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले साधारण ६० टक्के आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के. ते पोट, फुप्फुस वगैरेंचे पेशंट होते, तोंडाच्या रेडिएशनचे नव्हते. गोळी अर्थात मनाने आणायची नाही पण ओपीडीत विषय काढायला काय हरकत आहे.

दुसरी_इनिंग

इथे सगळे वजन कमी होतंय म्हणून रडतायत आणि मी उलटी. ब्रेस्ट कॅन्सर, केमो झाली, आता गोळी चालू, आणि मी आठ किलो वाढलेय. मला कोणी सहानुभूती पण देत नाही, "तब्येत छान दिसतेय" म्हणतात. सासूबाईंनी केमोभर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शिरा, "ताकद भरून निघायला पाहिजे", नाही म्हटलं की रुसवा. केमोच्या दिवशी जे स्टेरॉइड देतात त्याने तर रात्री दोन वाजता उठून फरसाणाचा डबा शोधायचे मी. आता कमी कसं करू? इंटरमिटंट फास्टिंग करू का?

पथ्यपाणी

तुमचा प्रश्न वेगळा धागा मागतो खरं तर. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये वजन वाढणं अगदी कॉमन आहे, स्टेरॉइडची भूक, थकव्याने हालचाल बंद, त्यात केमोने पाळी थांबते. आणि गंमत अशी की वजन वाढलं तरी स्नायू घटलेला असू शकतो, म्हणून नुसतं उपाशी राहून कमी करू नका. उपास-तापास केमो चालू असताना नकोच, आता केमो संपलीय तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. प्रोटीन तेवढंच ठेवा, लाडू-शिरा-फरसाण उतरवा, रोज चाला आणि आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलायचे साधे व्यायाम. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्या हातासाठी फिजिओला विचारून.

एक मात्र, ज्यांची केमो चालू आहे त्यांनी लक्षात ठेवा, दोन-चार दिवसांत एकदम वजन वाढलं, पाय सुजले, दम लागतोय, तर ती चरबी नाही, पाणी आहे. डोसिटॅक्सेल नावाच्या केमोच्या औषधाने होतं असं. फोन करून कळवायचं, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

खिमटवाली

@दुसरी_इनिंग, ते लाडू आमच्याकडे पाठवून द्या. मृद्गंध, तुमच्या बाबांसाठी मोड आलेल्या नाचणीचं सांगायचं राहिलं. हे खरंच करा. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मंद आचेवर जराशी परतायची (करपवायची नाही, नाहीतर गुण जातो) आणि बारीक दळून वस्त्रगाळ. नेहमीच्या पिठाची खीर दाट केली की नळीतून उतरत नाही, पातळ केली की नुसतं पाणी. या पिठाचं उलटं आहे. रव्याची किंवा तांदळाच्या पिठाची दुधातली खीर अगदी दाट शिजवा, खाली उतरवा, बोट लावलं तर चटका बसेल पण उकळत नसेल अशी झाली की चमचाभर हे पीठ घालून ढवळत राहा. पाच-दहा मिनिटांत डोळ्यांदेखत पातळ होते, जी चमच्यावरून पडत नव्हती ती धारेने पडायला लागते. मग परत एक उकळी. तेवढ्याच २०० मिलीत दुप्पट पीठ जातं.

पथ्यपाणी

+१००. मोडामध्ये अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते स्टार्च तोडतं म्हणून पातळ होते. लहान बाळांच्या खिरीसाठी आपल्याकडे हे पूर्वापार चालत आलंय.

कागलकर

मृद्गंध ताई, मी कोल्हापूर साईडचाच. वडिलांना असंच झालं होतं, तिखटाशिवाय घास उतरत नाही आणि तिखट चालत नाही. पांढरा रस्सा देऊ नका, पांढरा दिसला तरी मिरी असते, झोंबतो. अळणी (मटणाचं बिनमसाल्याचं पाणी) काढताना मटण चांगलं शिट्ट्या देऊन गाळ करायचं आणि तेच मटण त्याच अळणीत मिक्सरला फिरवायचं, वर तूप. आमची आई नुसतं अळणी पाणी द्यायची आणि मटण आम्ही खायचो, डाएटिशियन बाईंनी ओरडून सांगितलं की जोर मटणात आहे पाण्यात नाही. देताना कोमट, गरम नको. दुसरं म्हणजे खाण्याचा सोडा आणि मीठ एकेक चमचा एक लिटर पाण्यात, दिवसातून कितीही वेळा खळखळून चूळ, त्याने ती तार सुटते. जेवायच्या आधी बधिर करणारं जेल मिळतं ते लावून घास घ्यायचा. चमचा स्टीलचा नको, लाकडी किंवा प्लास्टिकचा, लोखंडाची चव येते म्हणायचे.

आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्या! दातांत एकावर एक ठेवून तोंड उघडायचा व्यायाम देतात तो चुकवू देऊ नका. वडिलांनी दुखतंय म्हणून सोडला, आता पोळीचा तुकडा पण बारीक करून सरकवावा लागतो.

गुटखाबंदी २०१२ सालची, पण टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहितीय. त्यावर बोलायला लागलो तर धागा भरकटेल.

वाचनमात्र_होतो

माझ्या मिसेसना डायबेटिस आहे आणि केमोच्या दिवशी स्टेरॉइड दिलं की शुगर ३०० च्या वर. मग तूप, खीर, साखर कसं द्यायचं?

पथ्यपाणी

तिथे जेवण तोडू नका, औषध वाढवून घ्या. स्टेरॉइडचे ते दोन-तीन दिवस घरी मशीनवर शुगर तपासा, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, बहुतेक वेळा त्या दिवसांपुरतं इन्सुलिन किंवा गोळी बदलतात. साखर-गूळ कमी करा पण तूप, शेंगदाण्याचं कूट, अंडी, पनीर, घट्ट डाळ याने कॅलरी भरता येतात. भात नुसता नको, डाळ-अंड्याबरोबर.

अजून एक सगळ्यांसाठी, केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्यात बाहेरचा उसाचा रस, उघड्यावरची कापलेली फळं, कच्ची अंडी, पाणीपुरी नको. घरात नीट धुतलेलं, सोललेलं फळ चालतं, सगळं कच्चं बंद करून माणसाला नुसत्या पेजेवर ठेवायची गरज नाही. १००.४ च्या वर ताप गेला तर घरी क्रोसिन देऊन बसू नका, थेट हॉस्पिटल.

मृद्गंध_सांगली

सगळ्यांचे खूप आभार, सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला जमत नाहीये. अपडेट देते. मास्कचं बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग तो डबल करायला लागेल होय?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सिस्टरला विचारलं नळी किती जाड असते. घातली. पहिल्या रात्री खूप त्रास झाला, घसा खवखवला, ओढून काढू का म्हणत होते, आता बरं आहे. या आठवड्यात वजन ५७.२ भरलं. वाढलं नाही म्हणा, पण उतरलं नाही!

आत्याचं असं झालं की मी काही बोललेच नाही. तिला ओपीडीत सोबत नेलं आणि डाएटिशियनसमोर बसवलं. तिथे तिने तिच्या ज्यूसची लिस्ट वाचून दाखवली, आणि बाईंनी शांतपणे प्रत्येकासमोर प्रोटीन लिहिलं. घरी येताना आत्याने स्टेशनबाहेर नाचणी घेतली. आता फडक्यात मोड काढायचं काम तिच्याकडे, मला हात लावू देत नाही, आणि सगळ्या डोंबिवलीला सांगत फिरते की डाळीच्या पाण्यात काही नसतं.

एक प्रश्न, नळी असताना तोंडाने काहीच द्यायचं नाही का? बाबा दोन घोट चहा मागतात.

पथ्यपाणी

डॉक्टरांनी तोंडाने बंद सांगितलं नसेल आणि पिताना ठसका लागत नसेल तर द्या, कोमट करून. उलट रोज थोडं गिळत राहिलंच पाहिजे, नाहीतर गिळायचे स्नायू आळसावतात आणि नंतर नळी काढणं अवघड होतं. स्पीच थेरपिस्ट गिळण्याचे व्यायाम शिकवतात, त्यांची चिठ्ठी मागून घ्या. आणि शेवटचं सिटिंग झालं की लगेच सांगलीला जेवायला बसतील असं धरून चालू नका, संपल्यानंतरचे एक-दोन आठवडे तोंड जास्त दुखतं, चव यायला तर महिने लागतात. त्या काळात नळी राहू द्या.

कागलकर

चहात साखर घाला म्हणावं आत्यांना.

मृद्गंध_सांगली

दोन चमचे घालतेय ती. वर दूध पावडर.

वाचनमात्र_होतो

वाचनखूण साठवली. खिमटवाली ताई, ती नाचणी डब्यात किती दिवस टिकते? मिसेसची पुढची केमो पुण्याला आहे, करून न्यायची म्हणतोय.

खिमटवाली

खडखडीत वाळवली असेल तर हवाबंद डब्यात महिनाभर सहज राहते, पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा. पण थोडी थोडीच दळा, वास लागला की टाकून द्यायची. आणि तुमच्या मिसेसना शुगर आहे ना, खिरीत गूळ-साखर नको, ताकातली आंबील करा, जिरं-मीठ घालून. ताक घरचं ताजं, बाहेरचं नको.